बाळंतपणाची रजा संपताना : ऑफिसला परत जाण्याची आठ आठवड्यांची तयारी

आमच्या फ्रिजच्या मुठीला एक दोनशे पानी वही सुतळीने बांधलेली आहे. तिचे कोपरे हळदीने पिवळे झालेत. पहिल्या पानावर माझ्या नवऱ्याच्या अक्षरात लिहिलंय : ‘९ महिन्यांची लस, गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्व. मी नेणार. हाफ डे टाकला.’ ही एक ओळ त्या पानावर यायला तीन महिने लागले, आणि मध्ये एक फार वाईट दुपार गेली. त्या दुपारीबद्दल पुढे सांगते.

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगी सव्वापाच महिन्यांची असताना मी कामावर हजर झाले. आता ती बालवाडीत जाते. तेव्हापासून ऑफिसमधल्या, बिल्डिंगमधल्या आणि ट्रेनमधल्या बऱ्याच जणींनी मला विचारलं, ‘तू कसं जमवलंस?’ प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे सगळं क्रमाने लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. घरातली कामं वाटून घेता येतात, पण ती लक्षात ठेवण्याचं काम कुणी वाटून घेत नाही. ते बहुतेक वेळा एकट्या आईच्या डोक्यात राहतं, आणि नोकरीवर परतल्यावर बाई दमते ती त्यानेच. म्हणून तयारी करताना प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा : हे लक्षात कोण ठेवणार?

आठ आठवडे आधी : रजेचा हिशेब आणि ऑफिसला मेल

रजा नक्की कोणत्या तारखेला संपते, ते कॅलेंडर घेऊन मोजा. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्याआधी ती १२ आठवड्यांची होती, आणि दोन मुलं असताना तिसऱ्या वेळी आजही १२ आठवडेच मिळतात. कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान ८० दिवस काम केलेलं हवं. एजन्सीमार्फत लागलेल्या असाल तरी हक्क तोच. हा १९६१ चा मूळ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, पण या तरतुदी तिथेही तशाच आहेत.

या हिशेबात एक गोम आहे आणि माझी चूक तिथेच झाली. २६ पैकी आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात, पण जितके आधी घ्याल तितके नंतरचे कमी होतात. मी तीन आठवडे आधी घेतले, त्यामुळे बाळंतपणानंतर २३ उरले. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं असं डॉक्टर सांगतात, आणि सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे. मधले तीन आठवडे मला हक्काच्या रजेतून भरता आले असते, पण ते सुचलं तेव्हा हजर व्हायला चार दिवस राहिले होते. तुम्ही आत्ताच शिल्लक रजा बघा. सरकारी नोकरी असेल तर बालसंगोपन रजेचीही चौकशी करा : केंद्र सरकारच्या नोकरीत ती एकूण ७३० दिवस मिळू शकते, राज्य सरकारच्या नोकरीत १८० दिवस.

तारीख ठरली की वरिष्ठांना आणि एचआरला मेल करा. तोंडी बोलणं झालं असलं तरी मेल हवाच. त्यात काय काय विचारायचं? पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं, तेव्हा ती सोय कुठे आहे ते विचारा. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज दुधासाठी दोन वेळा मोकळीक मिळते, ती तुम्ही किती वाजता घेणार ते कळवा. दूध काढायला आतून कडी लागणारी खोली आणि ठेवायला फ्रिज मागा. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचं दोघांच्या संमतीने ठरवता येतं, तेही मागून बघा.

भाषा सरळ ठेवा. मी लिहिलं होतं, ‘मी अमुक तारखेला हजर होत आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज ११.३० आणि ३.३० वाजता मला दूध काढण्यासाठी वेळ लागेल. त्यासाठी बंद होणारी एक खोली मिळावी.’ ‘जमलं तर’, ‘अडचण होणार असेल तर राहू द्या’ असं काही त्यात घालू नका. तो हक्क आहे. आपल्याकडे एसटी स्टँडवर आणि सरकारी कार्यालयांत अशा खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरणाऱ्या गवळणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आजच्या आईला कडा उतरावा लागू नये, दार उघडं मिळावं, एवढंच तर आपण मागतोय.

सात आठवडे आधी : बाळ कुणाकडे?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, पण इथे मन खात नसेल तरच ऑफिसात लक्ष लागतं.

आजी-आजोबा घरी असतील तर बाळासाठी त्याहून चांगलं काही नाही, असं मलाही वाटतं. पण साठी उलटलेल्या बाईने रांगणाऱ्या बाळामागे दिवसाचे अकरा तास धावणं सोपं नसतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा गं बिनधास्त, मी आहे ना.’ त्या मनापासून बोलत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला आणि त्यांनी तो आम्हाला दिसू दिला नाही. मग आम्ही ठरवलं की बाळ सकाळी दहा ते चार पाळणाघरात राहील आणि त्याआधी-नंतर आजीकडे. वरच्या कामाला बाई लावली. शनिवार दुपारनंतर आणि रविवारी पूर्ण दिवस सासूबाईंना सुट्टी. त्यांची भिशी आणि भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेला तजेला मी पाहिला आहे. आजीला गृहीत धरू नका. ‘अहो आई, तुम्हाला किती वेळ झेपेल?’ असं नीट बसून विचारा, आणि पहिल्यांदा आलेलं उत्तर अर्धं कमी करून धरा.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा एकदा ठरवून जा आणि दोनदा न सांगता जा. न सांगता जायची चांगली वेळ म्हणजे दुपारी एक, मुलं जेवतात-झोपतात तेव्हा, आणि संध्याकाळी साडेपाच, सांभाळणाऱ्या बायका दमलेल्या असतात तेव्हा. मी पाच पाळणाघरं बघितली. एका ठिकाणी सुंदर रंगवलेल्या भिंती होत्या आणि नऊ मुलं एका टीव्हीसमोर गप्प बसलेली होती. एकही वळून बघेना. मी तिथूनच परत फिरले. आम्ही जे निवडलं तिथल्या भिंतींना ओल होती. पण मी गेले तेव्हा काकू एका रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने वरण-भात कालवत होत्या, आणि बोलत होत्या त्या मुलाशी, माझ्याशी नाही.

नजर कुठे टाकायची ते सांगते. एका बाईकडे किती मुलं आहेत? रांगत्या बाळांसाठी तीन-चारपेक्षा जास्त असतील तर मी नको म्हणेन. गॅस आणि मुलांच्या मध्ये दार किंवा फळी आहे का? बाल्कनीला जाळी कुठपर्यंत आहे? बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली उघडी आहे का? हे जरूर बघा, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. औषधं आणि फिनेल किती उंचीवर आहेत? बाळाला न्यायला कोण कोण येऊ शकतं याची सहीची यादी ते ठेवतात का? आजारी मुलाला घेतात की परत पाठवतात? परत पाठवत असतील तर तुमची पंचाईत होईल, पण पाळणाघर चांगलं असल्याची ती खूण आहे. उशीर झाला तर तासाला किती पैसे? आणि एक प्रश्न हमखास राहून जातो : मे महिन्यात आणि गणपतीत काय? आमच्या काकू गणपतीत आठ दिवस कोकणात जातात. हे आम्हाला जूनमध्येच कळलं म्हणून त्या आठ दिवसांत आम्ही दोघांनी चार-चार दिवस रजा टाकली.

घरी बाई ठेवणार असाल तर ओळखपत्राची प्रत, गावचा पत्ता आणि पोलिसांकडची पडताळणी हे आधी उरकून घ्या. रजेचे शेवटचे दोन आठवडे तुम्ही घरात असतानाच तिला कामाला लावा. तिलाही रविवारची सुट्टी आणि महिन्याला पगारी रजा द्या. तुम्हाला ऑफिसकडून जे हवंय ते तिलाही हवं असतं.

पाच आठवडे आधी : दुधाची तयारी

दूध काढून ठेवायची सवय पाच आठवडे आधी लावा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढलं तर बहुतेकींना जास्त येतं. हाताने काढता येतं, साध्या पंपाने येतं, विजेवरच्या पंपाने येतं. रोज तीन वेळा काढायचं असेल तर विजेवरचा पंप सोयीचा, पण आधी एखाद्या मैत्रिणीकडे किंवा डॉक्टरांकडे बघून घ्या आणि मगच खरेदी करा.

ठेवण्याचे नियम साधे आहेत. बाहेर चार तास, पण तो हिशेब साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दूध बाहेर ठेवूच नका, काढल्याबरोबर थंडाव्यात टाका. फ्रिजमध्ये चार दिवस, दारात नाही, आतल्या बाजूला. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत चोवीस तास टिकतं, म्हणजे फोर्टहून डोंबिवलीला लोकल तासभर रखडली तरी घाबरायला नको. एकदा वितळवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. कोमट करायचं तर गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध कुठे गार, कुठे पोळणारं होतं. बाळाने प्यायला सुरुवात केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. टाकताना जीव तुटतो, तरीही. म्हणूनच एका भांड्यात ६० ते १२० मिलीच भरा, आणि वर तारीख-वेळ लिहा. मी जुन्या बिलांच्या मागे लिहून रबरने लावायचे.

पाजायचं कशाने? बाटली स्वच्छ ठेवणं अवघड, आणि तिची सवय लागली की काही बाळं अंगावर घ्यायला कुरकुर करतात. आमच्याकडे आजेसासूबाईंचं चांदीचं बोंडलं होतं, चोच असलेलं, तळहातात मावणारं. सासूबाईंनी ते चिंच लावून घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं, मुलीला मांडीवर अर्धवट उभं धरून त्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवली आणि ती थेंब थेंब प्यायला लागली. अर्धं दूध पहिले तीन दिवस लाळेऱ्यावर सांडलं, चौथ्या दिवशी जमलं. बोंडलं नसेल तर वाटी-चमचा आहेच. हे पाजणं दुसऱ्या कुणीतरी करायचं आणि तुम्ही त्या वेळी खोलीत थांबायचं नाही. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघत नाही.

दूध पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून वरचं दूध सुरू करा. त्याचा अपराधभाव मनात धरू नका. मी धरला होता, त्यात झोप गेली आणि होतं तेही दूध कमी झालं.

सहा महिन्यांनंतर उष्टावण झालं की काम थोडं हलकं होतं. मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, शिजवून गाळलेला लाल भोपळा, असं सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा. वर्षापर्यंत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको. मधाचं मुद्दाम लिहितेय, कारण बऱ्याच घरांत बाळगुटी मधात उगाळतात. मधातून बाळाला क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. वडीलधाऱ्यांशी यावरून वाद घालू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या.

चार आठवडे आधी : वही

आता ती दुपार. मुलगी आठ महिन्यांची होती. पाळणाघरात तिला ताप भरला, १०२ च्या वर. काकूंनी मला पाच वेळा फोन केला. मी ऑडिटच्या मीटिंगमध्ये, फोन पर्समध्ये आणि पर्स जागेवर. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता, पाळणाघरापासून पायी सात मिनिटांवर. फॉर्मवर त्याचा नंबर स्वच्छ लिहिलेला होता. मी दोन तासांनी फोन बघितला, त्याला कळवलं, तो धावत गेला. संध्याकाळी मी काकूंना विचारलं, तेव्हा त्या अगदी निरागसपणे म्हणाल्या, ‘अहो, साहेबांना कामात कशाला त्रास द्यायचा म्हणून तुम्हालाच लावत राहिले.’

कामात तर मीही होते. पण मला काकूंचा राग आला नाही. त्या रात्री आम्ही दोघं बसलो आणि मी त्याला विचारलं, पुढची लस कधी आहे? त्याला माहीत नव्हतं. डायपर किती उरलेत? कॅल्शियमचं औषध संपत आलंय हे माहीत आहे? तो चांगला माणूस आहे, भांडी घासतो, मुलीला झोपवतो, सांगितलेलं सगळं करतो. पण ‘तू फक्त सांग, मी करतो’ यातलं सांगणं हेच काम आहे, हे तोपर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही तो घेऊन आला.

घरोघरी असंच आहे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. मुळात अशी कामं करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. आणि ही फक्त करण्याची मिनिटं आहेत. लोकलमध्ये उभं राहून ‘घरी दही विरजायला टाकलंय का’ हे आठवण्याची मिनिटं कुणी मोजलेली नाहीत.

वही कशी करायची? एक आठवडा तुम्हाला जे जे आठवतं ते येता-जाता लिहा, कितीही बारीक असो. माझ्या यादीत होतं : बाईचा पगार, नखं कापणे, गॅस नोंदवणे, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस, पाळणाघरात जादा दुपटी, दूधवाल्याचे सुट्टे, लसीचं कार्ड. आठवड्यात चार पानं भरली. मग दोघांनी बसून विभाग वाटा, सुटी कामं वाटू नका. ‘लसीला तू ने’ एवढ्याने भागत नाही. लसीकरण हा विभागच त्याचा : तारीख बघणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रजा टाकणं, कार्ड जपणं आणि रात्री ताप आला तर उठणंही. आमच्याकडे डॉक्टर, लसी, औषधं, बिलं आणि किराणा त्याच्याकडे गेलं. खाणं, कपडे, पाळणाघर आणि नातेवाईक माझ्याकडे राहिले. पुढे नातेवाईकही अर्धे-अर्धे केले : ज्याच्या बाजूचे, त्याने लक्षात ठेवायचे.

एकदा दिलेला विभाग परत ओढून घेऊ नका. पहिल्या महिन्यात किराण्यात रवा आला नाही, दोनदा. मला मुठी आवळून गप्प बसावं लागलं. तिसऱ्या महिन्यात आला.

काकूंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, ‘पहिला फोन बाबाला.’ फॉर्मवरही त्याचा नंबर वर घेतला. मी हे तीन महिने उशिरा केलं. तुम्ही हजर होण्याच्या आधीच करा.

दोन आठवडे आधी : रंगीत तालीम

बाळाला आधी तासभर सोडा, मग तीन तास, मग पूर्ण दिवस. निघताना लपून जाऊ नका. ‘आई संध्याकाळी येणार’ असं तोंडावर सांगून निघा. रडू येईल, बाळाला आणि तुम्हालाही, पण आई न सांगता गायब होत नाही हे त्याला हळूहळू कळतं.

एक दिवस तुमच्या नेहमीच्या गाडीने ऑफिसपर्यंत जाऊन या. शरीर बदललेलं असतं. गर्दीत कमरेवर किती ताण येतो, पर्स कोणत्या खांद्यावर धरता येते, ते पहिल्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. लेडीज डब्यातल्या बायकांना सांगा की बाळ झालंय. कल्याणहून बसून येणाऱ्या अनोळखी बाईने ‘बस गं, ठाण्यापर्यंत बस’ म्हणून मला कितीतरी दिवस स्वतःची जागा दिली. त्याच डब्यात मी परतीला मटार सोलले, मेथी निवडली, आणि कुणाचं बाळ कशाने शांत होतं हेही ऐकलं.

स्वयंपाकाचं थोडक्यात : रविवारी ओल्या खोबऱ्याचं वाटण करून फ्रीझरमध्ये, दोन कडधान्यं भिजवून मोडाला, लसूण सोलून डबीत, रात्री कणीक मळून. सकाळी एकच भाजी आणि पोळ्या. पोळ्यांना बाई परवडत असेल तर वाचलेला तास झोपेला द्या.

हजर व्हायचा दिवस निवडता आला तर गुरुवार घ्या. दोन दिवसांनी शनिवार येतो, आणि काय जमलं, काय चुकलं ते ताजं असताना दुरुस्त करता येतं.

पहिला महिना ऑफिसात

लोक प्रेमानेच विचारतात, ‘बाळ कुणाकडे असतं?’ पहिल्या आठवड्यात मला हा प्रश्न रोज दोन-तीनदा आला. माझ्या नवऱ्याला त्याच्या ऑफिसात एकदाही नाही. उत्तर एकच ठेवा, छोटं आणि हसून : ‘छान आहे, सोय चांगली झाली आहे.’ प्रत्येकाला सगळी हकिगत सांगायला गेलात तर दिवसभर तेच डोक्यात फिरत राहतं.

जास्त जपायला हवं ते दुसऱ्या एका चांगुलपणाला. ‘तिला नको देऊ या हे काम, बाळ लहान आहे.’ हे तुमच्यामागे बोललं जातं, हेतू चांगला असतो, आणि वर्षअखेरीला तुमच्या नावावर दाखवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच वरिष्ठांकडे पंधरा मिनिटं मागा आणि स्वतः सांगा, ‘सर, तिमाहीचं क्लोजिंग माझ्याकडेच राहू दे. साडेपाचला मी निघेन, राहिलेलं रात्री नऊनंतर बघून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत तुमच्या टेबलावर असेल.’ जमणार असेल तेच सांगा, आणि सांगितलेलं पाळा. निघताना ‘सॉरी हां, निघते’ म्हणू नका. ‘निघते, उद्या दहाला देते’ म्हणा. बाप मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला लवकर निघाला की लोक कौतुक करतात, आई निघाली की घड्याळाकडे बघतात. हे एका दिवसात बदलणार नाही, पण माफी मागत राहिलो तर कधीच बदलणार नाही.

आमच्या ऑफिसात निवृत्तीला आलेल्या एक मॅडम आहेत. त्यांच्या वेळी रजा तीनच महिन्यांची होती. त्या बाथरूममध्ये उभ्या राहून दूध काढून सिंकमध्ये ओतून द्यायच्या, कारण ठेवायला जागा नव्हती. मी हजर झाले त्या दिवशी त्यांनी मला जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली दिली. आत एक खुर्ची पुसून ठेवलेली होती आणि खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. ऑफिसला मेल करालच, पण अशी एखादी बाई तुमच्याकडेही असेल, तिच्याशीही बोला.

ताप, पाऊस आणि शिल्लक रजा

पाळणाघरात घातल्यावर पहिले काही महिने सर्दी, खोकला, जुलाब पाठ सोडत नाहीत. त्यासाठी दोघांच्या मिळून आठ-दहा रजा राखून ठेवा. मूल आजारी पडलं की सकाळचा अर्धा दिवस एकाने, दुपारचा दुसऱ्याने. बाळ दूध घेईना, ग्लानीत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा आकडी आली तर संध्याकाळची वाट न बघता थेट दवाखाना. हे चार मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून पाळणाघरात आणि आजीकडे भिंतीला लावा.

मुंबईकडे नोकरी असेल तर पावसाचीही योजना हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य आया रात्रभर ऑफिसात, गाडीत, अनोळखी घरांत अडकल्या. तेव्हापासून डोंबिवलीच्या बायका जूनमध्येच ठरवून ठेवतात. पाळणाघराच्या जवळ राहणारी दोन घरं, ज्यांना बाळ ओळखतं आणि ज्यांची नावं सहीच्या यादीत आहेत. फ्रीझरमध्ये एका रात्रीपुरतं दूध. ऑफिसच्या खणात एक जोड कपडे, चार्जर आणि पंपाचा हाती चालणारा जोडीदार. आम्हाला हे दोनदा उपयोगी पडलं. दोन्ही वेळा मुलगी शेजारच्या काकांकडे खिचडी खाऊन झोपली होती.

स्वतःच्या गोळ्या आणि मन

बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. हजर होण्याच्या गडबडीत नेमक्या त्याच सुटतात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, आणि लोहाबरोबर चहा नको. मी लोहाची गोळी ऑफिसच्या डब्यातच ठेवायचे, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत राहिलं, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, किंवा जगणं नको वाटलं तर त्याला ‘थकवा’ म्हणून बाजूला सारू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांना सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं. हा क्रमांक नवऱ्याच्या फोनमध्येही असू द्या, कारण कधी कधी फोन लावायचंही बळ नसतं.

संध्याकाळची पहिली वीस मिनिटं

घरी आल्यावर हात-पाय धुवा, कपडे बदला, फोन पर्समध्येच राहू द्या आणि वीस मिनिटं बाळाजवळ जमिनीवर बसा. स्वयंपाकघरात जाऊ नका. कपड्यांची घडी, पसारा, आलेलं कुरिअर, काही नाही. माझी मुलगी त्या वीस मिनिटांत आधी माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या एकेक सरकवायची, मग दूध प्यायची, मग माझ्या ओढणीवर झोपून छताकडे बघत आवाज काढायची. कुकर त्या दिवशी जो आधी घरी पोचला त्याने लावायचा. आमच्या वहीत हे पहिल्याच पानावर लिहिलंय, लसीच्या ओळीच्या खाली, आणि सासूबाईंच्या अक्षरात.